क्षमेचा अधिकार कोणाचा?

एकनाथमहाराजांची गोदावरीकांठची आख्यायिका कीर्तनांत ऐकली नाहीं असा आपल्यांत क्वचितच कोणी असेल. पैठणास नाथ स्नान करून घाटानें वर येऊं लागले म्हणजे एक उर्मट मनुष्य विडा खाऊन त्यांच्या अंगावर थुंके. नाथ निमूटपणें मागें फिरत आणि पुन्हां स्नान करीत. असें १०८ वेळां झाल्यावर थुंकणाराच शरमला आणि त्यांच्या पायां पडला, अशी ती कथा. बुवा येथें क्षणभर थांबतात, झांजा वाजतात, आणि क्षमेनें दुर्जन सुधारतो ही गोष्ट सिद्धच झाली असें मानून आपण घरीं परततों. कथेविषयीं पूर्ण आदर ठेवूनहि एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. ज्याच्या अंगावर थुंकी पडली त्यानेंच येथें क्षमा केली आहे. तो मनुष्य नाथांच्या शेजाऱ्याच्या अंगावर थुंकला असता आणि नाथांनीं परस्पर "जाऊं द्या, मीं क्षमा केली" असें म्हटलें असतें, तर ती कथा कोणी कीर्तनास घेतली नसती.

समाजाच्या व्यवहारांत मात्र नेमका हा दुसरा प्रकारच वारंवार घडतो. नुकसान एकाचें होतें आणि क्षमा दुसराच जाहीर करतो. तो दुसरा कधीं सरकार असतें, कधीं गांवची पंचायत, कधीं ज्ञातीचें मंडळ, तर कधीं आपल्यासारख्या एखाद्या न्यासाचे विश्वस्त. अपराध्यांना क्षमा केल्यानें समाज अधिक चांगला होतो काय, या प्रश्नाचा विचार करतांना हा भेद नजरेआड केला कीं सगळी चर्चा गोड पण निरुपयोगी होते. म्हणून तत्त्वचर्चेंत फार वेळ न घालवितां एका प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळूं. तें शोधण्यास आपणां ग्वाल्हेरकरांना दूर जावयास नको.

२०२० सालापर्यंत ग्वाल्हेरहून श्योपूरला दोन फूट रुंदीच्या रुळांवरून जी छोटी गाडी जात असे, तिनें प्रवास केलेले कितीतरी जण ही स्मरणिका वाचतील. त्या वाटेवर सुमावलीच्या पुढें जौरा हें स्टेशन लागे. मुरैना जिल्ह्यांतील या जौऱ्यास १४ एप्रिल १९७२ रोजीं महात्मा गांधींच्या तसबिरीपुढें बंदुकांची रास पडली. ज्यांच्या नांवांनीं आई मुलांना भीति घालीत असे, ते मोहरसिंह आणि माधोसिंह आपापल्या टोळ्यांसह तेथें आले आणि जयप्रकाश नारायण यांच्या साक्षीनें त्यांनीं शस्त्रें खालीं ठेवलीं. त्या सालीं चंबळ आणि बुंदेलखंड मिळून शस्त्रें ठेवणारांची संख्या चारशेंच्या पुढें गेली. पोलिसांच्या पिढ्यांना जें साधलें नव्हतें तें कांहीं दिवसांत घडलें. मग क्षमेचा विजय झाला असें म्हणावें काय? उत्तर देण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे.

चंबळ, क्वारी आणि सिंध या नद्यांच्या कांठची मऊ माती पावसानें शतकानुशतकें कातरून जे खोल घळींचें जाळें झालें आहे त्याला तिकडे बीहड म्हणतात. या बीहडांत शिरलेल्या मनुष्यास तेथील लोक डाकू म्हणत नाहींत, बागी म्हणतात. बागी म्हणजे बंडखोर. या शब्दांत एक मोठा इतिहास दडला आहे. बहुतेक टोळ्यांचा उगम पाहिला तर सुरुवात एखाद्या बांधाच्या, विहिरीच्या किंवा मानापमानाच्या भांडणांत सांपडते. पटवाऱ्यानें खोटी नोंद केली, ठाणेदारानें पैसेवाल्याची फिर्याद तेवढी लिहून घेतली, आणि दुबळ्या बाजूच्या तरुणानें एक दिवस वैऱ्यास गोळी घातली. मग घर सोडून बीहडांत जाण्यावांचून त्याला गति राहिली नाहीं. तेथें पोट भरण्यासाठीं दरोडे, खंडणीसाठीं माणसें पळविणें, आणि खबर देणाऱ्याचा खून. खबऱ्याचा मुलगा मोठा झाला कीं त्याच्याहि हातीं बंदूक. आग्रा जिल्ह्यांतील खेडा राठौरचा मानसिंह हा या परंपरेंतील सर्वांत गाजलेला पुरुष. तोहि गांवच्या वैरांतूनच बाहेर पडला आणि १९५५ सालीं गोळीस बळी पडला. एक मेला कीं दुसरा तयार, असें हें चक्र फिरत राहिलें. येथें एक सांगून ठेवतों कीं बागी हा गरिबांचा कैवारी असतो ही जी समजूत सिनेमांनीं पसरविली, ती ज्यांच्या घरचा कर्ता खंडणीपायीं पळविला गेला त्या बनियांच्या आणि शेतकऱ्यांच्या गळीं कोणी उतरवूं शकणार नाहीं.

हें चक्र थांबविण्याचा पहिला मोठा प्रयत्न विनोबांनीं १९६० च्या मे महिन्यांत केला. मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंह तेव्हां अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगांत फांशीची वाट पाहत होता. फांशीपूर्वीं आपली भेट व्हावी, आणि जमल्यास आपण माझ्या बीहडांतील साथीदारांनाहि भेटावें, अशा आशयाचें पत्र त्यानें विनोबांना लिहिलें. निवृत्त मेजर जनरल यदुनाथसिंह यांनीं मध्यस्थी केली, विनोबा भिंड-मुरैना भागांतून पायीं फिरले, आणि २० बागी शरण आले. त्यांत लोकमन दीक्षित, ज्याला लुक्का म्हणत, हाहि होता. तहसीलदारसिंहाची फांशी पुढें रद्द होऊन तिची जन्मठेप झाली.

त्या वेळीं मध्यप्रदेशाचे पोलिसप्रमुख के. एफ. रुस्तमजी होते. त्यांना हा सगळा प्रकार पसंत नव्हता, आणि त्यांनीं आपली नापसंती लपविली नाहीं. ज्यांच्या मागें आपले शिपाई जिवावर उदार होऊन फिरले आणि कांहीं मेलेहि, त्यांच्या गळ्यांत हार घातले जातात हें पोलिसांना कसें रुचावें? सर्वोदयवाल्यांनीं रुस्तमजींवर टीका केली. प्रस्तुत लेखकास मात्र त्यांचा आक्षेप विचारांत घेण्याजोगा वाटतो. मेलेल्या शिपायाच्या विधवेच्या वतीनें त्या सभेंत बोलणारा कोणी होता काय, असा तो प्रश्न आहे, आणि तो पोलिसी ताठ्याचा म्हणून उडवून लावतां येत नाहीं. विनोबा निघून गेल्यावर शरण आलेल्यांवर खटले चालले, कोणी सुटले, कोणास लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या. परंतु मागें राहिलेल्या टोळ्या त्या वाटेनें आल्या नाहींत. संतांच्या पायीं शस्त्र ठेवणें एक आणि त्यानंतर बायकामुलांचें काय होणार याची खात्री असणें दुसरें. दुसऱ्या गोष्टीची तजवीज त्या वेळीं पुरेशी नव्हती.

१९७२ सालीं काय निराळें झालें, हें समजून घेणें म्हणूनच महत्त्वाचें आहे. १९७१ च्या पावसाळ्यानंतर पाटण्यास जयप्रकाशजींकडे रामसिंह नांवाचा एक ठेकेदार आला आणि चंबळच्या बागींसाठीं आपण कांहीं करावें असें विनवूं लागला. जयप्रकाशजींची प्रकृति बरी नव्हती, बांगला देशाच्या कामांत ते गुंतले होते. त्यांनीं नकार दिला. तेव्हां त्या ठेकेदारानें सांगितलें कीं मीच माधोसिंह. ज्याला पकडून देणाऱ्यास मोठें इनाम लागलें होतें असा मनुष्य समोर निःशस्त्र बसला आहे, हें पाहून जयप्रकाशजींनीं काम पत्करलें. पण येथून पुढें त्यांनीं जें केलें त्यांत भाविकतेपेक्षां पत्रव्यवहार अधिक आहे. तीन राज्यांच्या सरकारांशीं आणि दिल्लीशीं बोलणीं झालीं. मध्यप्रदेशांत प्रकाशचंद्र सेठी यांच्या सरकारनें साथ दिली. कोणास फांशी होणार नाहीं, पण खटले चालतील आणि शिक्षा भोगावी लागेल, कैद्यांशीं माणुसकीनें वागण्यांत येईल, त्यांच्या घरच्यांना पोलिस किंवा गांवचे वैरी छळणार नाहींत, मुलांच्या शिक्षणाची व कुटुंबाच्या उपजीविकेची सोय होईल, अशी ती बोलणीं होतीं. जौऱ्याचा आश्रम चालविणारे एस. एन. सुब्बराव आणि त्यांचे कार्यकर्ते बीहडांत जाऊन टोळी टोळीशीं बोलत राहिले. १९६० मध्यें शरण आलेले लोकमन दीक्षित आणि तहसीलदारसिंह यांची या कामीं मोठीच मदत झाली, कारण शिक्षा भोगून माणूस जिवंत परत येतो याचा तेच चालताबोलता पुरावा होते.

तेव्हां जौऱ्यास घडलेल्या गोष्टीला माफी म्हणणें मुळांतच चूक आहे. कायद्यानें आपला हक्क सोडला नव्हता. सूड तेवढा सोडला होता. पुढें १९७३ सालीं मुंगावली येथें या कैद्यांसाठीं खुला तुरुंग निघाला, त्याला नवजीवन शिबिर असें नांव दिलें गेलें. शेती करीत, कामें शिकत या लोकांनीं वर्षें काढलीं. मोहरसिंह सुटून आल्यावर भिंड जिल्ह्यांतील मेहगांवच्या नगरपंचायतीचा अध्यक्ष झाला आणि २०२० सालीं वृद्धापकाळानें वारला. माधोसिंहानें जादूचे प्रयोग करून दाखविण्याचा धंदा पत्करला, हें ऐकून हंसूं येतें खरें. पण ज्याच्या नांवानें बाजार बंद होत, त्याच्या प्रयोगास मुलें टाळ्या वाजवूं लागलीं ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. पुनर्वसनाच्या कामांत बागी आणि बागीपीडित अशा दोन्ही घरांचा विचार कार्यकर्त्यांनीं केला होता, हें मला यांत सर्वांत मोलाचें वाटतें. सरकारी व्यवहारांत पीडितांचा वांटा नेहमींप्रमाणें मागाहून आणि तोकडा आला, तरी तो असला पाहिजे ही जाणीव तेथें होती.

एवढें झाल्यावर चंबळ निवळलें असें म्हणतां आलें असतें तर लेख येथेंच संपला असता. तसें झालें नाहीं. मुरैना जिल्ह्यांतलाच पानसिंह तोमर हा सैन्यांतील नामांकित धांवपटू. अडथळ्यांच्या लांब शर्यतींत त्यानें राष्ट्रीय अजिंक्यपद अनेकदां मिळविलें, १९५८ सालीं टोकियोच्या आशियाई सामन्यांत तो भारतातर्फे धांवला. निवृत्त होऊन गांवीं आला तों भाऊबंदांशीं जमिनीचा तंटा उभा राहिला. दाद कोठेंच लागेना. अखेर तोहि बीहडांत गेला आणि १९८१ सालीं पोलिसांच्या गोळीनें मेला. जौऱ्याच्या समारंभानंतर अवघ्या १० वर्षांच्या आंतील ही हकीकत आहे. चारशें माणसें परत आलीं, पण ज्या दफ्तरांतून आणि ठाण्यांतून बागी निर्माण होत तीं दफ्तरें जशींच्या तशींच राहिलीं. शरण आलेल्या मनुष्यास जवळ करणें समाजास एक वेळ जमतें. त्याला तेथवर लोटणारी आपली स्वतःची वागणूक बदलणें फार जड जातें.

आणि मग बेहमईची गोष्ट येते. १४ फेब्रुवारी १९८१ रोजीं यमुनेकांठच्या या गांवीं २० माणसें एका ओळींत उभीं करून मारण्यांत आलीं. फूलनदेवीच्या टोळीवर हा आरोप होता. तिनें १२ फेब्रुवारी १९८३ रोजीं भिंड येथें मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांच्यापुढें शस्त्र ठेवलें. हजारो लोक पाहावयास लोटले होते. त्यानंतर ती ११ वर्षें तुरुंगांत होती, त्यांतील बराच काळ आपल्या ग्वाल्हेरच्याच कारागृहांत. आणि या सबंध काळांत तिचा खटला चालला नाहीं. १९९४ मध्यें उत्तर प्रदेश सरकारनें तिच्यावरील खटले मागें घेण्याचें ठरविलें, ती सुटली, १९९६ सालीं लोकसभेवर निवडून आली, आणि २५ जुलै २००१ रोजीं दिल्लींत घराच्या दारांत गोळ्यांनीं मारली गेली. मारणारानें बेहमईचा सूड घेतल्याचें सांगितलें.

या प्रकरणाकडे एका बाजूनें पाहून चालणार नाहीं. फूलनदेवीवर लहानपणापासून जे अत्याचार झाले त्यांचाहि न्याय कोणत्या न्यायालयांत झाला नव्हता. तिला कोणी क्षमा करावी हें विचारण्याआधीं तिनें कोणाकोणाला क्षमा करावी हेंहि विचारावें लागेल. परंतु बेहमईच्या विधवांना तर कोणी कांहींच विचारलें नाहीं. त्यांचें ऐकून घेणारें, घडलें तें घडलें असें सरकारी कागदावर लिहून देणारें कोणीहि त्यांच्या दारीं आलें नाहीं. खटल्याचा निकाल लागला १४ फेब्रुवारी २०२४ रोजीं, म्हणजे घटनेस बरोबर ४३ वर्षें झालीं त्या दिवशीं. एका आरोपीस जन्मठेप झाली. बहुतेक आरोपी, कित्येक साक्षीदार आणि खुद्द मूळ फिर्यादी तोंवर मरून गेले होते. सरकारनें कागद फाडला म्हणून गांवाची आठवण फाटत नाहीं. जौऱ्यास सूड सोडून न्याय ठेवला होता. येथें न्याय सोडला गेला, आणि सूड आपला शिल्लक राहिला.

अशा गोष्टींचा विचार फक्त आपल्याकडेच झाला असें नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत गोऱ्यांचें राज्य संपल्यावर १९९५ च्या कायद्यानें सत्य आणि समेट आयोग नेमला गेला, आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष. ज्यानें राजकीय कारणासाठीं गुन्हा केला असेल त्यानें उघड्या सभेंत, मेलेल्याच्या आईबापांसमक्ष, सर्व कांहीं सांगावें, मगच त्याला माफी मिळेल, असा त्यांचा नियम होता. सात हजारांवर अर्ज आले आणि त्यांतले ८४९ मंजूर झाले, यावरून ती खैरात नव्हती हें दिसेल. कित्येक घरांना आपला मुलगा कोठें पुरला आहे हें प्रथमच कळलें. तरीहि तुरुंगांत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनीं या माफीस न्यायालयांत विरोध केला आणि ते हरले. तो विरोध कोत्या मनाचा होता असें मला वाटत नाहीं. शिवाय अपराध्यांस माफी ताबडतोब मिळाली. पीडितांस भरपाई म्हणून एकरकमी ३०,००० रँड देण्याचें २००३ सालीं जाहीर झालें, तेंहि आयोगानें सुचविल्यापेक्षां पुष्कळ कमी. येथेंहि तीच तऱ्हा. ज्याच्या पदरीं क्षमा करण्याचें ओझें टाकलें, त्याचीच दाद सर्वांच्या शेवटीं.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील एक जुना प्रयोग पाहूं, कारण अपराध्यास परत समाजांत कसें आणावें याचा व्यवहारी भाग त्यांत फार चांगला दिसतो. औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं गांधीजींच्या सल्ल्यानें प्रजेच्या हातीं कारभार दिला. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराच्या कल्पनेनें, आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांच्या पाठिंब्यानें, आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिला कोट नव्हता. कैदी बायकामुलांसह राहत, जमीन कसून पोट भरीत. त्याच मुलखांत वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनीं या प्रयोगावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनीं १९५७ सालीं "दो आंखें बारह हाथ" काढला. तो आपण सर्वांनींच पाहिला आहे. स्वतंत्रपूर संस्थान विलीन झाल्यावरहि बंद पडलें नाहीं, सांगली जिल्ह्यांत तें खुली वसाहत म्हणून चालत राहिलें. जयपूरजवळ सांगानेरला १९६३ पासून असाच खुला तुरुंग आहे, तेथील कैदी सकाळीं शहरांत मजुरीला जातात आणि संध्याकाळीं आपल्या खोपटांत परततात. या वसाहतींत कोणी कोणास "तुझा गुन्हा विसरलों" असें सांगत नाहीं. गुन्हा नोंदलेला असतो, शिक्षा चालूच असते. फक्त शिक्षेच्या काळांत माणसाला बाप, नवरा आणि कामकरी राहूं देतात, म्हणजे मुदत संपल्यावर त्याला नव्यानें माणूस व्हावें लागत नाहीं. एकलकोंड्या बराकींत चौदा वर्षें काढून आलेल्यास शेजाऱ्यांनीं कितीहि प्रेमानें जवळ केलें तरी त्याचे हात काम विसरलेले असतात, हें ज्यांनीं अशीं माणसें पाहिलीं त्यांना ठाऊक आहे.

आपला कायदाहि या बाबतींत वाटतो तितका कठोर नाहीं. साधी मारहाण, अब्रुनुकसानी, दुसऱ्याच्या जागेंत घुसणें अशा कांहीं गुन्ह्यांत ज्याचें नुकसान झालें त्यानें तडजोड केली तर खटला मिटतो. हें पूर्वींच्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत होतें आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि आहे. कोणता गुन्हा कोणी मिटवावयाचा याची चक्क यादीच कायद्यानें दिली आहे, आणि तींत प्रत्येक गुन्ह्यापुढें अधिकार लिहिला आहे तो नुकसान सोसणाऱ्याचा. खून, दरोडा यांना त्या यादींत जागा नाहीं. पहिल्याच चुकीच्या अपराध्यास तुरुंगांत न धाडतां चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची तरतूद १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानें केली, आणि असें सोडतांना नुकसान सोसणाऱ्यास भरपाई देववावी हेंहि त्याच कायद्यांत सांगितलें. ज्यांनीं हीं कलमें रचलीं त्यांना नाथांच्या कथेचें मर्म चांगलें कळलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

हें सर्व आपल्या महोत्सवी स्मरणिकेंत कशाला, असें कोणी विचारील. बीहड आणि बंदुका यांच्याशीं आपला संबंध नाहीं, हें खरें. पण समजा, एखाद्या न्यासाच्या खजिनदारानें विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या रकमेंतून पैसे काढून घरच्या अडचणींत वापरले आणि हिशेब तपासणींत तें उघडकीस आलें. अशा वेळीं काय होतें तें आपण सर्व जाणतों. चार वडीलधारीं माणसें एका घरीं जमतात. "माणूस जुना आहे, पोरीचें लग्न व्हायचें आहे, बाहेर गेलें तर ज्ञातीची नाचक्की" असें म्हणून त्याचा प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा घेतात, आणि सभेच्या इतिवृत्तांत आभाराचा ठराव घालतात. यालाच क्षमा म्हणण्याची पद्धत आहे. मला तें मान्य नाहीं. पैसे त्या चौघांचे नव्हते. विश्वस्त हा मालक नसतो. ज्या मुलांची त्या वर्षींची फी भरली गेली नाहीं, कदाचित् ज्यांपैकीं एखाद्यानें कॉलेज सोडून दुकानांत नोकरी धरली, त्यांचें येणें या चौघांनीं परस्पर सोडून दिलें. आणि तो खजिनदार आभाराचा ठराव खिशांत घालून दुसऱ्या संस्थेंत गेला तर तेथील पैशांची जबाबदारी कोणावर?

याच्या उलट टोंकहि आपल्या समाजानें पुष्कळ पाहिलें आहे. अपराधी म्हटला कीं त्याला आणि त्याच्या सगळ्या घराला वाळींत टाकावयाचें. पाण्याला नाहीं, पंक्तीला नाहीं, सोयरीक नाहीं, मेला तरी खांदा द्यावयास कोणी नाहीं. जात पंचायतींनीं हें हत्यार खऱ्या अपराध्यांपेक्षां परजातींत लग्न करणाऱ्यांवर आणि पंचांना उलट बोलणाऱ्यांवरच अधिक चालविलें. महाराष्ट्रांत त्याविरुद्ध सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ सालीं करावा लागला. वाळींत टाकलेल्या घराला चूक कबूल करण्याचें कांहीं कारणच उरत नाहीं, कारण कबुलीनें परत मिळावयाचें काय? बीहडांत गेलेल्या तरुणाची आणि त्या घराची मनःस्थिति एकाच जातीची असते.

तेव्हां त्या खजिनदाराचें काय करावें? जौऱ्याचा अनुभव येथें उपयोगी पडेल असें मला वाटतें. त्यानें साधारण सभेपुढें येऊन, किती रक्कम, कधीं आणि कशासाठीं घेतली हें स्वतःच्या तोंडानें सांगावें, आणि सभेनें तें जसेंच्या तसें लिहून ठेवावें. कायद्याप्रमाणें जेथें कळवावयाचें तेथें कळवावें. तें टाळण्याचा अधिकार सभेला नाहीं. हप्ते बांधून रक्कम परत घ्यावी आणि ती येण्याची वाट न पाहतां, न्यासाच्या दुसऱ्या निधींतून कां होईना, त्या विद्यार्थ्यांचें नुकसान आधीं भरून द्यावें. त्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना सभेस बोलवावें, त्यांना बोलावयाचें असेल तें बोलूं द्यावें, आणि त्यांनीं क्षमा केली नाहीं तर त्याबद्दल कोणी त्यांना नांवें ठेवूं नयेत. खजिनदारास उत्सवांत, पंक्तींत, कार्यांत पूर्वींप्रमाणें बोलवावें. त्याला काम करावयाचें असल्यास वाचनालयाचें, मैदानाचें, स्वयंपाकाच्या देखरेखीचें द्यावें. तिजोरीची किल्ली देऊं नये, आणि ती दिली नाहीं म्हणून आपण त्याला क्षमा केली नाहीं असें त्यानेंहि समजूं नये.

त्याच्या मुलाचा वसतिगृहासाठीं अर्ज आला तर तो इतर अर्जांबरोबरच, गुणपत्रक आणि घरची प्राप्ति पाहून वाचावा. बापाच्या प्रकरणाची टीप त्यावर पेन्सिलीनेंहि कोणी लिहूं नये.